खंडेनवमीला पुजलेली गिटार

जयपूरच्या किशनपोल बाजारातल्या त्या वाद्यांच्या दुकानात मी जितकी वर्षं काढली, तितकी वर्षं गिऱ्हाइकांना मुख्यतः एकच गोष्ट सांगत आलो. हात धुऊन या. नवीन माणसाला याचा राग यायचा. कुणी म्हणायचं, "मास्टरजी, हम क्या खाना खाने आए हैं?" मी म्हणायचो, जेवायला आला असतात तर न धुता चाललं असतं, पोट तुमचं आहे. तारेचं बरंवाईट मला बघावं लागतं. दुकानाच्या मागच्या बाजूला मी स्वतः एक माठ, एक पितळी तांब्या आणि रिठ्याचं पाणी ठेवलं होतं. मालक म्हणायचे की या मराठी माणसानं दुकानाचं देऊळ केलं.

मी मूळचा मिरजेचा. तंबोऱ्याचे भोपळे तासणं, खुंट्या बसवणं, तारा टेकतात त्या घोडीवर झंकार उठवणारी जवारी लावणं हे शिकून तयार झालो, आणि तंबोरे खरेदी करायला आलेल्या जयपूरच्या शेठजींनी, म्हणजे या दुकानाच्या मालकांनी, मला तंबोऱ्यांबरोबरच उचलून नेलं. मला वाटलं, राजेरजवाड्यांचं गाव, सतार-सारंगीला तोटा नाही. जाऊन बघतो तर अर्धं गाव गिटारच्या मागे. आता मुलं छातीशी धरून वाजवतात ती नव्हे. तेव्हा हवाईयन गिटारचं वेड होतं. ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची आणि डाव्या हातानं एक गुळगुळीत पोलादी दांडी तारांवरून सरकवायची. मग सिनेमातलं गाणं माणसानं गुणगुणावं तसं वाजतं. बँकेतले बाबू, कॉलेजातले मास्तर, हवेलीतल्या सुना, सगळे शिकत होते.

आणि तारा मिळत नव्हत्या. गिटारला सहा तारा. वरच्या तीन बारीक, नुसत्या पोलादाच्या. त्या सतारीच्या तारेतून कशाबशा भागायच्या. खालच्या तीन जाड. त्यांत आत पोलादी तार आणि तिच्यावर केसासारख्या बारीक तारेचे वेढे. चांगल्या जाड तारा परदेशातून यायच्या, आणि सरकारनं बाहेरचा माल आवळला तेव्हापासून त्या दिसेनाशा झाल्या. देशी मिळायच्या, पण त्यांचे वेढे पंधरा दिवसांत सैल पडून झणझणायचे. म्हणून आहे ती तार जगवणं हेच माझं काम होऊन बसलं. मिरजेच्या माझ्या उस्तादांना हे कळलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारला असता. भोपळा घडवणारा गडी तारा पुसत बसलाय.

पण पुसण्यातही विद्या आहे. तार मरते ती वाजवून कमी आणि अंगावरच्या मळानं जास्त. घाम, तेल आणि धूळ हे तिचे तीन वैरी. जयपूरची हवा कोरडी, म्हणजे मिरजेच्या पावसाळ्यापेक्षा गंज कमी. पण उन्हाळ्यातली आँधी आली की पिठासारखी वाळू पेटीच्या आतसुद्धा जाते, आणि तेलकट तारेवर ती बसली की वेढ्यांत जाऊन सिमेंट होते. म्हणून वाजवून झालं की जुन्या मलमलीचं कोरडं फडकं घ्यायचं, एकेक तार चिमटीत धरायची आणि वरून खालपर्यंत पुसायची. लोक वरूनच पुसतात. घाम खालच्या अंगाला लोंबत असतो. बारीक तारांना महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, तोही फडक्याला लावून, फडकं तारेला. जाड तारांना तेल कधीच नाही. खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या वरच्या पट्टीतल्या खाचेत शिसपेन्सिल फिरवायची म्हणजे तार तिथं अडकून तुटत नाही. आणि जाड तारांचा आवाज बसला की त्या काढून पाण्यात चिमूटभर सोडा घालून उकळायच्या, वेढ्यांतला मळ सुटतो, मग जयपूरच्या उन्हात थाळीवर पसरायच्या. अशी एक तार मी चार-चार वेळा उठवली आहे. आमच्या घरचा चहा त्या पातेल्यामुळे कायम किंचित लोखंडी लागायचा, पण सिंधूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ती फक्त पाहुण्यांना चहा दुसऱ्या पातेल्यातला द्यायची.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. चौमूंकडचे एक ठाकूरसाहेब जीपमधून यायचे. त्यांच्या तारा आठ दिवसांत बुळबुळीत. मी हात धुवायला लावले, तेल बंद करायला लावलं, काही फरक नाही. शेवटी तिकडच्या रीतीनं म्हटलं, हुकम, माझ्यासमोर वाजवा. तर काय, दर ओळ संपली की साहेब मिशीला पीळ देत आणि त्याच बोटांनी पुढची ओळ वाजवत. मिशीला मेण आणि अत्तर. मी चाचरत सांगितलं. ते म्हणाले, "मास्टरजी, गिटार छूट सकती है, यह नहीं छूटेगी." मग आम्ही तोड काढली. मिशीचा पीळ डाव्या हातानं द्यायचा, त्या हातात दांडी असते, दांडी पुसता येते. दोन आठवड्यांनी मिशी एका बाजूला थोडी वाकडी झाली होती, पण तारा लख्ख.

याच्या उलट आमचे मराठी डॉक्टरसाहेब. मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया करायचे. घरी आल्यावरही कोपरापर्यंत हात धुऊन गिटारला हात लावायचे. त्यांचा एक संच दोन वर्षं चालला. त्यांची मुलगी मात्र दर महिन्याला हजर. "काका, माझी तार परत तुटून गेली, मतलब मी काहीच नाही केलं." तिच्या बोटांना लोणच्याचा वास यायचा. मी तिला म्हणायचो, बाळ, तुझ्या वडलांकडून माझा काही धंदा होत नाही, तेव्हा तू खात राहा.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगतो. ती मला शोभणारी नाही, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत बसलो.

बिमलाजी नावाच्या एक बाई माझ्याकडे यायच्या. मुलींच्या एका शाळेत गाणं शिकवायच्या, नोकरी कच्ची. नवरा वारून सात वर्षं झाली होती. सोडाल्यात सासूबरोबर एका भाड्याच्या खोलीत राहायच्या. तेव्हा सोडाला म्हणजे गावाबाहेर, तिथून त्या गिटारची पेटी घेऊन टांग्यानं यायच्या. वय तिशीच्या आतबाहेर, फिक्या रंगाचं लुगडं, कपाळ मोकळं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत हिचा हात सगळ्यांत स्वच्छ आणि कान सगळ्यांत तयार. मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट ती करायची. फडकंसुद्धा रोज धुऊन वाळवायची.

तिला रेडिओवर वाजवायचं होतं. त्यासाठी चाचणी द्यावी लागते. शाळेनं सांगितलं होतं की रेडिओची कलाकार झालात तर नोकरी पक्की करू. एकदा ती चाचणीला गेली होती, आणि ऐन वाजवताना देशी जाड तार झणझणायला लागली. नापास. आता पुन्हा बोलावणं आलं होतं, दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी. या वेळी तिच्या भावानं कलकत्त्याहून परदेशी तारांचा एक संच मिळवून पाठवला होता. तो तिनं सहा महिने पेटीत जपून ठेवला, एकदाही लावला नाही. नवरात्रात ती तो संच आणि गिटार घेऊन माझ्याकडे आली. वरची पट्टी झिजली होती, ती नवी बसवायची आणि नव्या तारा चढवून त्या ताणून स्थिर करायच्या. म्हणाली, "मास्टरजी, यह आपके भरोसे." मी म्हटलं, दसऱ्याला संध्याकाळी स्वतः घरी आणून देतो.

दुकानात दिवाळीची पुताई, म्हणजे रंगसफेदी, चालू होती. चुन्याची धूळ नुसती उडत होती. चुना तारेला वाईट, म्हणून मी गिटार घरी नेली. किती काळजी बघा माझी.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा असते, हे काही मराठी वाचकांना सांगायला नको. मी पहाटे तारा लावून, सुरात आणून, गिटार पाटावर ठेवली. शेजारी माझ्या कानशी, पक्कड, पट्टीची करवत, सिंधूची विळी आणि कात्री. मिरजेत आम्ही तंबोऱ्याच्या भोपळ्याला कुंकवाचं बोट लावायचो आणि तारांना फुलाचाही स्पर्श होऊ द्यायचो नाही. सिंधू तासगावकडची, शेतकऱ्याच्या घरची. घरच्या पूजेत वाद्य पहिल्यांदाच आलं होतं, तरी हे तिला सांगायला हवं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पूजा तू कर, म्हणालो आणि अंघोळीला गेलो.

बाहेर येऊन बघतो तर सहाही तारांवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, वर पंचामृत शिंपडलेलं, दही वेढ्यांवरून ओघळतंय. जिथं खुंट्या असतात त्या लाकडावर एक मोठा टिळा.

"अगं, हे काय केलंस?"

"काय केलं? पूजा."

"तारांना?"

"मग? विळीला कुंकू कुठं लावतो आपण, मुठीला का पात्याला? ज्यानं काम होतं त्याचीच पूजा. हे वाजतंय तारांनी, न्हवं का?"

मी फडकं घ्यायला हात पुढे केला तर तिनं माझं मनगट धरलं. "अहो, मांडलेली पूजा उठवताय? उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हत्याराला हात लावायचा न्हाई."

आणि मी हात मागे घेतला. नीट ऐका, इथं चूक सिंधूची नव्हती. तिला तारेतलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. दह्यानं काय होतं, हळदीनं, साखरेनं, मधानं काय होतं, हे साऱ्या जयपूरला शिकवणारा मी, त्या गिटारसमोर दिवसभर बसून राहिलो आणि पुसलं नाही. पुजलेल्या हत्याराला नवमीला हात लावायचा नाही, हे आईनं लहानपणापासून अंगात मुरवलेलं होतं. देव रागावेल असं वाटलं का? नाही. पण हात पुढे झालाच नाही. मनाला सांगितलं, एका दिवसात काय होणार आहे, जयपूरची हवा कोरडी आहे.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. सिंधूनं पाट हलवला आणि मी तारांवर झडप घातली. बारीक तारांवर तांबूस ठिपके उठले होते. त्यांची फिकीर नव्हती, सतारीच्या तारा लावता आल्या असत्या. जाड तारांच्या वेढ्यांत मात्र सगळं जाऊन वाळलं होतं. काढल्या, उकळल्या, जुन्या टूथब्रशनं घासल्या, पुन्हा उकळल्या, गच्चीवर उन्हात ठेवल्या. पाचवी आणि सहावी बऱ्यापैकी उठल्या. चौथी उठली नाही. ती मधोमध बसकी बोलत होती, जणू कुणी तिच्या तोंडावर हात ठेवलाय. शेजारीपाजारी लोक खेजडीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून वाटायला आले, आणि मी एका हातात सोनं आणि एका हातात मेलेली तार घेऊन उभा.

गावात दुसरी तार नव्हती. दसऱ्याचा वायदा मोडून दोन दिवस मी सगळीकडे विचारलं. डॉक्टरसाहेबांनी आपली काढून द्यायची तयारी दाखवली, पण ती दोन वर्षांची म्हातारी, ती या मेलेल्या तारेपेक्षाही वाईट.

तिसऱ्या दिवशी गिटार घेऊन सोडाल्याला निघालो. वाटेत मनाशी ठरवत होतो की तारच कारखान्यातून खराब आली, असं सांगायचं. परदेशी माल, कोण विचारायला जातंय. सिंधू म्हणाली, मी पण येते. मी नको म्हटलं, तर ती आधीच टांग्यात बसली होती.

बिमलाजींनी गिटार मांडीवर घेतली, दांडी सरकवली आणि चौथ्या तारेवर थांबल्या. पुन्हा छेडली. "मास्टरजी, यह बैठी हुई क्यों है?"

मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात सिंधू आपल्या मोडक्या हिंदीत बोलली, "बाई, वो मैंने किया. हमारे यहाँ हथियार का पूजा होता है. मैंने तार को कुंकू लगाया, दही लगाया. मेरे को मालूम नहीं था."

बिमलाजींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आपने देखा था?"

"देखा था."

"कब?"

"उसी सुबह."

"और पोंछा नहीं?"

मी मान खाली घातली. सिंधू म्हणाली, "पूजा हो गयी थी. कैसे पोंछते?"

बिमलाजींनी आम्हाला पाणी दिलं. पेटी बंद केली. दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा म्हणाली, "मैं दूसरी धुन बजा लूँगी. जिसमें चौथी कम लगे." दोन दिवस राहिले होते, आणि सहा महिने घोटलेली धून बाजूला ठेवून ती नवी बसवणार होती. परतताना टांग्यात सिंधू रडत होती. रडायची पाळी खरी माझी होती.

चाचणीच्या दिवशी मी दुकानात एकही काम धड केलं नाही. एका सतारीची खुंटी उलटी बसवली. मालक म्हणाले, घरी जा.

ती पास झाली. हे आम्हाला कळलं ते दिवाळी उलटून गेल्यावर, ती स्वतः दुकानात आली तेव्हा. हातात मिठाईचा डबा, खाकेत गिटारची पेटी. शाळेनं नोकरी पक्की केल्याचा कागदही तिनं दाखवला. दुसऱ्या धुनेत चौथी तार जेमतेम चार ठिकाणी लागली होती, आणि तिथं तिनं दांडी इतकी हलकी धरली की बसकेपणा कुणाला कळला नाही. हे तिनं स्वतः सांगितलं, थोड्या ऐटीत. मी म्हटलं, यात माझं काहीच नाही. ती म्हणाली, "जी, बिल्कुल नहीं." आणि हसली.

भावानं तिला आणखी एक संच पाठवला होता, तो लावायला ती आली होती. मी तिच्या देखत हात धुतले, दोनदा. जुन्या तारा उतरवल्या, पेटी पुसली, घोडीखालची धूळ काढली. मग नजर खुंट्यांच्या लाकडाकडे गेली. सिंधूनं लावलेला तो टिळा तिथं तसाच होता, लाकडाच्या रेषांत मुरून लालसर झालेला. माझ्या अपराधाची खूणच ती. ती पहिल्यांदा काढावी म्हणून मी फडक्याला थोडं स्पिरिट लावलं आणि हात नेला.

बिमलाजींनी त्या डागावर तळवा ठेवला.

"यह रहने दीजिए, मास्टरजी."

मी म्हटलं, निघेल, दोन मिनिटांचं काम आहे, लाकूड अगदी नव्यासारखं होईल.

ती तळवा न उचलता म्हणाली, "सात साल हो गए. मेरी किसी चीज़ को किसी ने रोली नहीं लगाई."

आपलं कुंकू तेच तिकडचं रोली. जन्मभर डाग काढायचं काम केलेला मी माणूस, पण मी फडकं खाली ठेवलं. नव्या तारा चढवल्या, सहाही सुरात आणल्या, आणि तेवढी जागा सोडून बाकीचं सगळं लाकूड पुसून दिलं.